रात्री विमान उतरवताना वैमानिकाला लागणारा चकवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी वर्गात शरीराच्या मर्यादांचा विषय शिकवतो. दर तुकडीत दिशाभ्रमाबद्दल, म्हणजे वैमानिकाला लागणाऱ्या चकव्याबद्दल, तेच प्रश्न येतात. मोठा अपघात झाला की विमानांशी काही संबंध नसलेली माणसंही तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत.

दिशाभ्रम म्हणजे वैमानिक रस्ता चुकतो का?

नाही. रस्ता चुकणं वेगळं. इथे सुटतं ते वर कुठे आणि खाली कुठे याचं भान. विमान सरळ आहे की एका अंगाला कललंय, नाक वर आहे की खाली, आपण चढतोय की उतरतोय, याचा मेंदूने बांधलेला अंदाज एकीकडे राहतो आणि विमान दुसरीकडे जातं.

रानात चकवा लागलेल्या माणसाला चकवा लागलाय हे कळत नसतं. तो ठाम पावलं टाकत चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. विमानात हेच घडतं. हवाई वैद्यकात याचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात वैमानिकाला काही बिघडलंय याची शंकाही येत नाही. दुसऱ्यात शरीर एक सांगतं, उपकरणांचे काटे दुसरं सांगतात आणि त्याला ते जाणवतं. तिसऱ्यात भ्रम इतका जबर असतो की कळत असूनही तो विमान आवरू शकत नाही. सगळ्यांत जीवघेणा पहिला, कारण त्यात माणूस निश्चिंत असतो. 'वैमानिक गोंधळला होता' असं बातमीत वाचलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं, की बहुतेक वेळा तो गोंधळलेला नव्हता, त्याची खात्री होती.

शरीर इतकं फसतं कसं?

कानाच्या आतल्या भागात एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव किंचित मागे राहतो आणि त्या फरकावरून मेंदूला वळणं कळतं. पण वळणं एकाच गतीने चालू राहिलं, तर थोड्या वेळात द्रवही नळीच्या गतीने फिरू लागतो. फरक संपतो आणि मेंदूच्या लेखी वळणंही संपतं.

वर्गात हे सांगून पटत नाही, म्हणून मी फिरती खुर्ची आणतो. आंतरकर्णावरच्या संशोधनासाठी १९१४ चं नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांच्या नावाने ती ओळखली जाते. विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवायचं, अंगठा ज्या दिशेला फिरतोय असं वाटेल तिकडे करायला सांगायचं आणि खुर्ची एका संथ गतीने उजवीकडे फिरवत राहायचं. सुरुवातीला अंगठा उजवीकडे असतो. काही सेकंदांत तो हळूहळू वर येतो. म्हणजे खुर्ची थांबली, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात ती तशीच फिरत असते. मग मी खुर्ची अलगद थांबवतो. लगेच अंगठा डावीकडे जातो आणि बसलेला सांगतो, 'सर, आता जोरात उलटं फिरवताय.' भोवती बसलेली मुलं हसतात. डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर स्थिर खोली बघून त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पाहून मात्र हसणं थांबतं.

विमानात भर अशी, की अतिशय मंद कलणं कानाला कळतच नाही. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू विमान कललं, तर ते जाणिवेच्या खालून जातं. दर सेकंदाला दीड अंश म्हणजे वीस सेकंदांत तीस अंश. नकाशा चाळायला किंवा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला तेवढा वेळ सहज जातो.

तोल सांगणारा कानातला दुसरा अवयव गुरुत्वाकर्षण जाणतो. पण नीट साधलेल्या वळणात एकूण बळाची दिशा कॉकपिटच्या फरशीकडेच राहते, म्हणून तोही मुकाट असतो. अशा वळणात पेल्यातलं पाणी काठाला समांतर राहतं. बसलेल्याचा कानही त्या पेल्यातल्या पाण्यासारखाच, त्याला सगळं सपाट वाटतं.

मग दिवसा असं का होत नाही?

दिवसा डोळे कानाला दटावतात. क्षितिजाची रेघ दिसते आणि मेंदू तिच्यावर भरवसा ठेवतो. रात्री ती रेघ नसते. उलट खोट्या रेघा असतात. समुद्रकिनाऱ्यालगतचे दिवे, तिरपा ढगांचा थर, लांबवर गेलेल्या रस्त्याच्या बत्त्या, यांतलं काहीही मेंदू क्षितिज म्हणून स्वीकारतो. काळ्या समुद्रावर विखुरलेल्या मच्छीमार बोटींचे दिवे आणि आकाशातले तारे एकमेकांत मिसळून जातात.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचा १६ जुलै १९९९ चा अपघात हा याचा सरळ नमुना आहे. छोटं पायपर विमान, अंधारी रात्र, हवेत धुरकट दमटपणा, खाली पाणी, आणि केवळ उपकरणांवर उडवण्याचं प्रमाणपत्र नाही. मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे उतरत असताना विमान कलत गेलं आणि समुद्रात कोसळलं. तिघंही गेले. त्या रात्री नजर टाकली तर दूरवरचं दिसत होतं, नियमाप्रमाणे उड्डाणाला मनाई नव्हती. क्षितिज तेवढं नव्हतं.

धोका उतरतानाच जास्त का?

हिशेब करून पाहा. जेट विमान साधारण १४० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटरने, तीन अंशांच्या उताराने खाली येतं, तेव्हा मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट उंची सोडतं. हजार फुटांवरून जमिनीपर्यंत ऐंशी सेकंद. तीस हजार फुटांवर चकवा लागला तर तो उमगायला आणि सावरायला जागा असते. इथे नसते.

त्यात कामांची गर्दी याच मिनिटांत असते. फ्लॅप, चाकं, कंट्रोल टॉवरशी बोलणं, चेकलिस्ट. वळणात असताना खाली वाकून काही पाहिलं आणि झटकन मान वर केली, तर कानातल्या दोन नळ्या एकाच वेळी ढवळल्या जातात आणि विमान गिरकी घेतंय असं वाटतं. शिवाय इतका वेळ काट्यांवर असलेली नजर नेमकी याच वेळी बाहेरच्या दिव्यांकडे न्यायची असते. काट्यांवरून बाहेर, बाहेरून पुन्हा काट्यांवर अशी नजर जात-येत असताना मधल्या एखाद्या क्षणी ती कुठेच नसते.

'ब्लॅक होल अप्रोच' म्हणजे काय?

धावपट्टीच्या अलीकडे पाणी, जंगल किंवा ओसाड माळ आहे, तिथे एकही दिवा नाही, आणि समोर फक्त धावपट्टीचे दिवे लुकलुकतायत. अशा वेळी वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं. मग तो विमान खाली आणतो. पुन्हा उंच वाटतं, पुन्हा खाली.

यामागे भूमिती आहे. खालची जमीन दिसत नसली की डोळा धावपट्टीच्या जवळच्या आणि दूरच्या टोकांमधला कोन धरून बसतो. तो कोन बदलू न देता विमान पुढे नेलं, तर सरळ उताराऐवजी खाली झुकलेली कमान तयार होते. ती कमान योग्य मार्गाच्या बरीच खालून जाते आणि वाटेत टेकडी, झाडं किंवा पाणी असेल तर तिथेच संपते. वैमानिकाला शेवटपर्यंत चित्र बरोबर दिसत असतं. त्याच्या डोळ्यांपुढचा आकार हललेला नसतो ना!

बोइंगमधले मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवलं. त्याआधी रात्री उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच आदळलेल्या जेट विमानांची मालिका झाली होती. क्राफ्ट यांनी रात्रीच्या शहराची प्रतिकृती उभारली, तिला उतरत्या विमानाच्या नजरेसमोर ठेवलं आणि मुरलेल्या वैमानिकांना उंची न दाखवता फक्त दिव्यांवरून यायला सांगितलं. बहुतेकांनी विमान धोकादायकरीत्या खाली आणलं. विमानतळामागचं शहर चढावर वसलेलं असेल तर चूक आणखी वाढत होती. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याआधी अशा अपघातात मेलेल्या वैमानिकाला निष्काळजी म्हणून मोकळं होता येत होतं.

धावपट्टीच्या आकारानेही फसगत होते का?

होते. अरुंद किंवा चढाची धावपट्टी समोर असेल तर आपण उंच आहोत असं वाटतं आणि विमान खाली आणलं जातं. रुंद किंवा उताराची असेल तर उलट. दिवे नेहमीपेक्षा प्रखर असले की धावपट्टी जवळ भासते. काचेवर पाऊस असेल तर प्रकाश वाकतो आणि तिथेही उंच असल्याचा भास होतो. यातले दोन-तीन भास एका रात्री एकत्र आले तर ते एकमेकांत मिळवले जातात.

याला उपाय म्हणून बसवलेले लाल-पांढरे दिवे कोणते?

इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'पापी' (PAPI) म्हणतात. धावपट्टीच्या बाजूला एका ओळीत चार दिवे. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत तयार झाली. अंधाऱ्या पट्ट्यावरून येताना डोळ्याच्या अंदाजाला याहून साधा लगाम मला माहीत नाही.

तरीही एक प्रसंग सांगतो. २६ जुलै २००२, पहाटेचा अंधार, अमेरिकेतलं टॅलाहॅसी. फेडएक्सचं मालवाहू बोइंग ७२७, उड्डाण क्रमांक १४७८. येण्याच्या मार्गाखाली राष्ट्रीय वनाचा दिवे नसलेला पट्टा, म्हणजे अस्सल ब्लॅक होल. पापी चालू होता. विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं, तुटलं, पेटलं. तिघंही वैमानिकदलातले लोक गंभीर जखमी झाले पण वाचले. तपासात समजलं की विमान चालवत असलेल्या सहवैमानिकाला रंग ओळखण्याचा दोष होता. लाल आणि पांढऱ्यातला फरक त्याला नीट कळत नसण्याची शक्यता होती. पण इतर दोघांची नजर त्या बाबतीत ठीक होती. त्यांनीही ओरडून सांगितलं नाही. थकवा हे तपासकर्त्यांनी नोंदवलेलं आणखी एक कारण. चार दिवे समोर असतात, तीन माणसं पाहत असतात, आणि लाल रंग कुणाच्याच मनापर्यंत पोचत नाही. पापीचा रंग मोठ्याने म्हणून दाखवायला मी विद्यार्थ्यांना लावतो ते याच प्रसंगामुळे.

उतरणं रद्द करून पुन्हा वर जाणं सुरक्षित असतं ना? मग त्या वेळीही अपघात का होतात?

गो-अराउंड हा योग्यच निर्णय असतो, आणि तो घेतल्याबद्दल कुणालाही जाब विचारू नये. पण रात्रीच्या गो-अराउंडमध्ये सगळ्यांत फसवा भास दडलेला आहे, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहितो.

कानातला गुरुत्व जाणणारा अवयव आणि गाडी एकदम पुढे पळाल्यावर पाठीला बसणारा रेटा यांचा गोंधळ होतो. पुढे वेग वाढणं आणि मागे कलणं, कानाला दोन्ही सारखीच. विमानाचा वेग गुरुत्वाच्या एक पंचमांश इतक्या त्वरणाने वाढला, तर बसलेल्याला नाक सुमारे अकरा अंश जास्त वर गेल्यासारखं वाटतं. इंधन बरंचसं संपल्यामुळे हलकं झालेलं विमान, पूर्ण ताकद लावलेली इंजिनं, चाकं आत घेतली जातायत. खरोखर जोरदार त्वरण होतं. शहराचे आणि धावपट्टीचे दिवे आता मागे पडलेत, समोर काळोख. वैमानिकाला वाटतं, नाक फारच वर गेलंय, विमान आता पडेल. म्हणून तो नाक खाली दाबतो. नाक खाली गेल्याने वेग आणखी वाढतो, आणि 'नाक वर आहे' ही भावना तशीच टिकून राहते.

२३ ऑगस्ट २००० च्या रात्री गल्फ एअरचं एअरबस ए३२०, उड्डाण क्रमांक ०७२, बहारीनला उतरणं सोडून वर निघालं आणि उथळ समुद्रात गेलं. १४३ जण मेले. इंजिनं ठीक होती, यंत्रणा ठीक होती, जमीन जवळ येतेय असा इशारा कॉकपिटमध्ये वाजत होता. १७ नोव्हेंबर २०१३ ला रशियातल्या कझानमध्ये बोइंग ७३७ गो-अराउंडमध्ये आधी फार वर चढलं, मग सरळ नाकावर आलं. ५० जण गेले. १९ मार्च २०१६ ला रोस्तोव्ह-ना-दोनू इथे फ्लायदुबईचं ७३७ जवळपास दोन तास घिरट्या घालून पुन्हा उतरायला आलं, पुन्हा सोडून वर निघालं, आणि धावपट्टीजवळच कोसळलं, ६२ जण. तिन्ही वेळा अंधार होता.

फ्रान्सच्या बीईए या तपाससंस्थेने २०१३ मध्ये गो-अराउंडमधल्या अशा घटनांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक मुद्दा असा की हलक्या विमानाला गो-अराउंडसाठी इंजिनांची एवढी ताकद लागतच नाही. काही नव्या विमानांत ती मर्यादित ठेवण्याची सोय आली आहे. पण सरावाचा प्रश्न उरतोच. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावयंत्रात, गो-अराउंड बहुधा एक इंजिन बंद ठेवून करून घेतात, तर प्रत्यक्षात दोन्ही इंजिनं चालू असतात आणि सगळं दुप्पट वेगाने घडतं. माझ्या मते दोन्ही इंजिनांचा, अंधारातला, अनपेक्षित गो-अराउंड हा सराव जितका व्हायला हवा तितका होत नाही. शिवाय साधा सिम्युलेटर तो पाठीचा रेटा पूर्णपणे देऊच शकत नाही, त्यामुळे खरा भास विद्यार्थ्याला आधी भेटलेलाच नसतो.

रात्रीचे सगळे अपघात दिशाभ्रमामुळेच होतात का?

नाही, आणि हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. कित्येकदा विमान अगदी सरळ, नियंत्रणात असतं. फक्त ते कुठे आहे आणि किती उंचीवर आहे याचं भान गेलेलं असतं.

ईस्टर्न एअरलाइन्सचं उड्डाण ४०१ घ्या. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र, मायामी. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर ठेवून कॉकपिटमधली सगळी मंडळी त्या दिव्याच्या मागे लागली. दिवा काढला, नीट बसेना, अडकला. या झटापटीत कुणाचा तरी धक्का चालकदांड्याला लागला असावा, आणि उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली. विमान इतक्या हळू खाली येऊ लागलं की कुणालाच जाणवलं नाही. उंची बदलल्याचा बारीक सूर वाजला, तोही कुणी ऐकला नाही. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, एक दिवा नाही. शेवटच्या काही सेकंदांत सहवैमानिकाने उंचीबद्दल विचारलं. १७६ पैकी १०१ जण मेले. बिघाड होता तो छोट्या बल्बचा. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं.

६ ऑगस्ट १९९७ ला गुआममध्ये कोरियन एअरचं ७४७ पावसाळी रात्री निमित्झ टेकडीवर आदळलं. उताराची दिशा देणारा ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद होता, टप्प्याटप्प्याने उतरायचं होतं आणि टप्पे पाळले गेले नाहीत. विमान फार खाली आल्याचा इशारा जमिनीवरून देणारी यंत्रणाही तिथे निकामी करून ठेवलेली होती. २५४ पैकी सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्या कालीकडे येणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ७५७ मध्ये संगणकाला 'आर' हे अक्षर दिलं गेलं आणि त्याने भलताच बीकन, म्हणजे मार्ग दाखवणारं रेडिओ केंद्र, निवडला. विमान अंधारात डोंगराकडे वळलं. १६३ पैकी चारच वाचले.

यांत कानाचा दोष नव्हता. अंधार मात्र तोच होता. दिवसा टेकडी दिसली असती, दलदल वर येताना दिसली असती.

धावपट्टी समजून दुसरीकडेच उतरण्याची चूक खरंच होते?

७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत जवळपास झालीच होती. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद, तिचे दिवे विझवलेले. एअर कॅनडाच्या ए३२० च्या वैमानिकांच्या मनात दोन धावपट्ट्यांचं नेहमीचं चित्र होतं. त्यामुळे त्यांनी उजवी धावपट्टी हीच डावी मानली आणि तिच्या उजवीकडच्या टॅक्सीवेकडे विमान नेलं. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. त्यातल्या एका वैमानिकाने रेडिओवर आवाज दिला. एअर कॅनडाच्या वैमानिकांनी विमान वर घेतलं तेव्हा ते जमिनीपासून साठेक फुटांपर्यंत आलेलं होतं. डोळा जे शोधत असतो तेच त्याला दिसतं. नजरेने उतरत असतानाही आयएलएसची, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेची, फ्रिक्वेन्सी लावून ठेवायची असते ती यासाठीच.

हे नवख्यांनाच होतं का?

नवख्याला लवकर होतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत टाकून पाहिलं. सगळ्यांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

पण अनुभवाने कान बदलत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ७४७ 'एम्परर अशोक' अरबी समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. हे उड्डाण भरतानाचं आहे, उतरतानाचं नाही, तरी धडा तोच असल्याने मी ते इथे घेतो. अतिशय ज्येष्ठ कॅप्टन. किनाऱ्याचे दिवे मागे गेल्यावर समोर नुसता काळोख. त्यांच्या समोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय हे दाखवणारं उपकरण, बिघडलं आणि विमान उजवीकडे कललेलं दाखवू लागलं. विमान सरळ होतं. त्यांनी ते डावीकडे कलवलं, कलवत राहिले. सहवैमानिकासमोरचं आणि मधलं राखीव अशी दोन उपकरणं शाबूत होती. फ्लाइट इंजिनीअरने सावध केलं, पण वेळ उरली नव्हती.

'उपकरणांवर विश्वास ठेवा' हे वाक्य म्हणून अर्धं आहे. एकाच उपकरणावर नाही. तीन क्षितिजं एकमेकांशी ताडून बघायची, आणि जे दोघांशी जुळत नाही ते सोडून द्यायचं.

चकवा लागलाय असं वाटलं तर वैमानिकाने काय करावं?

डोकं हलवणं थांबवायचं. नजर आत आणायची आणि कृत्रिम क्षितिजावर रोवायची. आधी पंख समपातळीत, मग नाक, मग वेग. हा क्रम बदलायचा नाही, आणि त्याचं कारण समजून घ्या. कललेलं विमान गोल फिरत खाली जात असतं, पण वैमानिकाला ते सरळ खाली जातंय असं वाटतं. तो दांडा मागे ओढतो. पंख कललेलेच असल्याने त्या ओढीने विमान वर येत नाही, वळण आणखी आवळलं जातं. इंग्रजीत याला स्मशानाच्या नावाने ओळखतात.

दोघं असतील तर मोठ्याने सांगायचं, 'मला बरोबर वाटत नाहीये, तू घे.' हे बोलायला लाज वाटते, हे मी कित्येकांकडून ऐकलंय. तरी बोला. ऑटोपायलट चालू असेल तर त्याला पंख सरळ करू द्या. आणि शरीर ओरडून सांगत राहील की हे चुकतंय. विमान सरळ झाल्यावरही काही मिनिटं ते तसंच ओरडत राहतं. माणसं सरळ विमानात एका अंगाला झुकून बसलेली असतात, त्यांना ते कळतही नाही. झुकून बसा हवं तर, पण क्षितिज सोडू नका.

डोळे रात्रीसाठी तयार करता येतात का?

बऱ्यापैकी. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती कमाई जाते. अंधारात नजरेच्या मधोमध येणारी वस्तू सगळ्यांत अंधूक दिसते, म्हणून तिच्या किंचित बाजूला पाहायचं. काळोखात एकाच दिव्याकडे टक लावू नये. काही सेकंदांत तो दिवा सरकू लागल्यासारखा वाटतो, आणि वैमानिकांनी ताऱ्याला विमान समजल्याचे प्रसंग घडलेत.

थकव्याचा किती संबंध?

फार मोठा. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपेसाठी हटून बसलेलं असतं. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाट होण्याआधी यूपीएसचं मालवाहू ए३०० बर्मिंगहॅम, अलाबामा इथे धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि दोघं वैमानिक गेले. थकवा तपास अहवालात नोंदलेला आहे. दमलेला माणूस काट्यांकडे पाहतो, पण वाचत नाही.

आधुनिक यंत्रं हे थांबवू शकत नाहीत का?

डोंगरावर आदळण्याचे अपघात त्यांनी पुष्कळच कमी केले आहेत. डॉन बेटमन या अभियंत्याने घडवलेली जमिनीजवळचा इशारा देणारी यंत्रणा १९७० च्या दशकात आली. ती फक्त सरळ खाली पाहायची, त्यामुळे समोरचा कडा तिला उशिरा कळे. १९९० च्या दशकात त्यात भूभागाचा नकाशा आणि विमानाचं स्थान जोडलं गेलं, आणि ती पुढचंही सांगू लागली. मी बेटमन यांना माझ्या विषयातला सगळ्यांत मोठा माणूस मानतो. गो-अराउंडमधल्या भासापुढे मात्र ही यंत्रणा कमी पडते. तिथे इशारा होतो, पण तो ऐकणाऱ्याच्या हाताला शरीर उलटं सांगत असतं.

रात्री उतरताना केबिनमधले दिवे मंद का करतात? काही अडचण असते का?

अडचण नसते. विमान उतरताना काही घडलं आणि अंधारात बाहेर पडावं लागलं, तर प्रवाशांचे डोळे आधीच सरावलेले असावेत, एवढाच हेतू. खिडक्यांचे पडदे उघडे ठेवतात तेही याच कारणाने : बाहेर आग आहे का, पाणी आहे का, कोणत्या दाराने जायचं, हे आतून दिसावं. आणि विमान एकदम जोरात वर गेलं, पाठ सीटला चिकटली, नाक भलतंच उंच गेलंय असं वाटलं, तर तेव्हा पुढे कॉकपिटमध्येही दोघांना तसंच वाटत असतं.